काड्यांचा हिशेब

अडतीस वर्षं नाशिकरोडच्या प्रेसात नोटा मोजल्या,
एकही माझी नव्हती.
आता निवृत्त होऊन, डिसेंबरभर, शरणपुरात
पोरांच्या काड्या मोजतो.

नियम संडेस्कूलच्या सगुणाबाईंचा:
एक चांगलं काम, गव्हाणीत एक काडी.
नाताळच्या पहाटेपर्यंत
बाळ येशूला मऊ अंथरूण व्हायला हवं.
गव्हाण म्हणजे पिंपळगावच्या द्राक्षांचं खोकं,
पेंढा घोटीच्या भाताचा,
बाळ म्हणजे सालोमीची एका डोळ्याची बाहुली,
आणि वही माझी, लाल रेघांची.

वर्षभर गल्लीत नुसत्या काड्या करणारी पोरं
आता काड्या जमवायला लागली.

सालोमीने आजोबांची कवळी शोधून दिली. एक काडी.
लपवली कोणी होती, ते नंतर कळलं.
एझ्राने सीबीएसपाशी एका बाईंना हात धरून रस्ता ओलांडून दिला.
त्या ओरडत होत्या, "अरे, मला अलीकडेच थांबायचंय!"
मी अर्धी काडी मोडून दिली.
"काका, परतीची धरा ना. त्यांना परतही आणलं."

जुळ्या नमन-निस्सीचा वेगळाच करार,
तू माझं दप्तर उचल, मी तुझं.
आणि बारका तिमथी, साडेचार वर्षांचा,
रोज संध्याकाळी येऊन सांगायचा,
"आज मी काहीच नाही केलं. त्याची किती?"
खरं बोललास म्हणून घे एक, मी म्हणालो,
आणि तिथेच चुकलो.
दुसऱ्या दिवसापासून अख्ख्या गल्लीने
काहीच न करायचा धडाका लावला.

चोवीस तारखेला निफाडला पारा पाचावर.
मी काड्या तीनदा मोजल्या, सवयीने अंगठा ओला करून.
चारशे बारा.
खोकं चर्चच्या ओट्यावर ठेवलं, चांदणीखाली,
आणि पेटी-ढोलकी घेऊन सगळे गात निघालो,
कॉलेजरोडपर्यंत, दारोदारी करंज्या खात.

परतलो तेव्हा ओट्यावर
हलीमाबींची शेळी उभी होती, चमेली.
खोक्यात बाहुली, तिच्या पाठीखाली नुसती फळी.
शेवटची काडी चमेलीच्या तोंडाबाहेर
थोडी हलत होती.

"माझ्या एकसष्ट होत्या!" एझ्रा किंचाळला.
सालोमी रडली.
सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं,
जणू मी विमा उतरवलाय.
मी वही उघडली. जमा बरोबर.
शिल्लक चघळत उभी.

तिमथी पुढे गेला,
चमेलीच्या फुगलेल्या पोटावर हात ठेवून म्हणाला,
"हिच्यात दोन बाळं आहेत. हलीमाबी म्हणाल्या.
मग अंथरूण बाळांखालीच गेलं ना?"

यावर चर्चा झाली नाही.
एझ्राने मफलर काढून खोक्यात टाकला.
मग निस्सीची कानटोपी, नमनचा एक मोजा,
दुसऱ्याला भोक होतं म्हणून तो राहू दिला,
सालोमीने शाल, जी खरं तर तिच्या आईची होती.
मी पेन काढून उभा होतो,
कोणी मागितली तर लिहावी म्हणून.
कोणी मागितली नाही.
जरा वेळाने मी पेन खिशात ठेवलं
आणि स्वेटर काढायला लागलो.
वयामुळे ते डोक्यात अडकलं. पोरांनी ओढून काढलं.

सकाळच्या उपासनेत
पाळकांच्या प्रत्येक वाक्याला एक शिंक.
बाहुली तेवढी उबेत.

जानेवारीत चमेलीला दोन करडं झाली.
बघायला गेलो, वही काखेतच होती.
हलीमाबींशी बोलता बोलता
डिसेंबरचं पान चमेलीने दातांत धरलं.

मी माझ्या बाजूने ओढलं नाही.